निळ्या हौदाच्या दिवसांत

बसा असे सावलीला, सांगतो. गोष्ट रंगाची आहे, आणि रंगाला भ्यालेल्या एका रंगाऱ्याची.

सोलापूरचं चैत्रातलं ऊन. पांढरं, कोरडं, हाडात शिरणारं. त्या उन्हात डाईंगच्या अंगणात बांबूंवर सुताच्या ओल्या लड्या लोंबतात, डाळिंबी, हळदी, मोरपंखी. टपटप गळतात. खालची माती रंग पिते, नालीचं पाणी रंग नेतं, आणि माणसं रंगातच म्हातारी होतात.

मल्लेशम तिथला जुना रंगारी. चाळीस वर्षं कोपरापर्यंत हात रंगाच्या हौदात. लडी पिळायचा, कमरेच्या पांढऱ्या पंच्यावर घासायचा. पंचा पांढराच राहिला की म्हणायचा, "पक्का." त्या एका शब्दावर माल बाहेर पडायचा.

म्हणून लघवीला तांबडं झालं तेव्हा तो हसला. शेजारी भिंतीशी उभा असलेला जोडीदार अंबय्या म्हणाला, "मल्लन्ना, आतनंसुद्धा रंगलास की."

"जुना माल आहे," हा म्हणाला. "सुटतोय थोडा."

दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. आलं, गेलं. महिन्याने परत आलं. रंगाऱ्याच्या अंगातनं रंग जाणारच, अशी त्याची समजूत.

मग एक दिवस मोरी धुताना त्याची बायको राजव्वा थबकली. फरशीवर डाळिंबाच्या दाण्याएवढी गुठळी.

"अहो, सध्या हौदात कुठला रंग?"

"निळा. पंधरा दिवस निळाच चाललाय."

"मग हे तांबडं कुठनं आलं?"

मल्लेशमने हात पाहिले. बोटं निळी, नखं निळी, रेषांत मुरलेलं निळं. आणि मोरीत ते तांबडं, ओलं, जिवंत. भर उन्हात त्याला हीव भरलं.

दवाखान्यात दुर्बीण घातली, मूत्राशयातली गाठ खरवडली, तुकडा तपासायला गेला. आठ दिवस वाट. आठ दिवस हौदात बुडणारा धागा न् धागा त्याला नस वाटला, लांब, भुकेली, आपणहून वाढणारी. हात बाहेर काढायचा, पुसायचा, परत घालायचा धीर होईना.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून पडद्यावर त्या तुकड्याचं चित्र लावलं.

"आम्हालाही रंगवूनच बघावं लागतं, काका."

फिकट निळ्या आभाळात तपकिरी मुळ्या. वळणं घेणाऱ्या, फुटवे फुटलेल्या, दाट.

"तपकिरी दिसतात त्या नव्या रक्तवाहिन्या. गाठ रक्त मागते, आणि शरीर भोळं, नसा पुरवत राहतं. तुमची गाठ कॅन्सरची आहे, वर्षानुवर्षं रंगात हात घालणाऱ्यांना हिचा धोका जास्त; तिने पुष्कळ मागितलंय. अशी गाठ परत यायची, खोल जायची भीती जास्त. स्नायूत उतरली, तर मूत्राशयच काढावं लागतं."

जन्मभर त्याने एकच मागितलं होतं, रंग खोल जाऊ दे, मुरू दे, सुटू देऊ नको. आज कोरड्या ओठांनी तो उलटं मागायला बसला होता.

"बाई, पक्का की कच्चा?"

बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग त्याच्या नखांकडे.

"वरच्या थरात आहे. स्नायूत नाही." मग हळूच, "अजून. दर तीन महिन्यांनी दुर्बीण. एकही फेरी चुकवायची नाही."

अजून. एवढासा शब्द, पण घरापर्यंत त्यांच्या मागे मागे चालत आला.

आता रोज उजाडताना मोरीत चिनी मातीचं पांढरं भांडं असतं. दोघं त्यावर वाकतात, श्वास धरून, जसा तो पंच्यावर वाकायचा.

"दिसतंय काही?"

"नाही."

मग दोघं श्वास सोडतात. आजपुरता.

म्हणून एक मागणं आहे तुमच्याकडे. ओळखीत कुणी हौदात हात घालणारं असेल, आणि तांबडं दिसलं म्हणून हसत असेल, तर तुम्ही हसू नका. एवढंच विचारा, सध्या हौदात कुठला रंग? आणि तांबडा म्हणाला, तरी हाताला धरून दवाखान्यात घेऊन जा.