तापल्यावर निसटणारा चेंडू

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. काचेला तडा, पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर लिहिलेलं नाव, ‘आजोबा’. मोबाइलचे गेम बनवणाऱ्या कचेरीत नवा गेम आधी माझ्यावर चालवून बघतात. स्वतःच्या तोंडाने काय सांगू, पण भल्याभल्यांच्या चुका मी पकडल्या आहेत. तरी हल्ली मला भंगाराच्या खोक्यात टाकायची बोलणी चालली होती.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला चेंडूचा नवा गेम लोकांपर्यंत जाणार होता. सारखी फेक केली, की चेंडू भिंतीवर आपटून सगळ्यांच्या फोनवर सारखाच उडायला हवा. आदल्या दिवशी माझ्यावर मात्र तो भिंतीतून आरपार गेला. गेम तपासणाऱ्या ताईने ते पाहिलं आणि गेम थांबवा म्हणून हट्टच धरला.

दुपारी तीनला सगळे जमले. ताईने वीसदा चेंडू फेकला आणि वीसदा तो शहाण्यासारखा परत आला. गेम लिहिणारे दादा म्हणाले, “गेम ठीक आहे. हा फोनच खुळा झालाय, टाक त्याला खोक्यात.” ताईचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, काल मी तीन तास राबून तापलो होतो! तापलो की मी मंदावतो, सेकंदाला साठऐवजी जेमतेम पंधरा चित्रं काढतो. तेवढा वेळ भरून काढायला चेंडू इतकी लांब ढांग टाकतो, की भिंत मधल्यामध्ये राहून जाते. पण हे सांगू कसं? मला तोंड कुठे आहे!

ताईने मला उचललं आणि ती थबकली. मी गार होतो. काल हातात धरवत नव्हतो, हे तिला आठवलं. तिने गेम चालू केला आणि मला खिडकीतल्या उन्हात ठेवलं. चार वाजले, सव्वाचार झाले. पाठ भाजत होती. जुनी बॅटरी कधी दगा देईल याचा नेम नव्हता, आणि मी बंद पडलो की ताई खोटी ठरणार होती. मी भयंकर घाबरलो होतो. साडेचारला तिने दादांना ओढून आणलं आणि चेंडू फेकला.

तो आरपार गेला.

“माझंच चुकलं,” दादा म्हणाले. गेम थांबला. दोन दिवस खपून त्यांनी चेंडूला शिस्त लावली. चित्र लवकर येवो की उशिरा, चेंडूने ठरलेली लहान पावलंच टाकायची आणि प्रत्येक पावलाला पुढे भिंत आहे का बघायचं.

त्या उन्हात माझी बॅटरी फुगली. ती काढून टाकली आणि तशी आता मिळत नाही. मी दादांच्या टेबलावर गप्प पडून असतो. नवा गेम जायच्या आधी दादा न चुकता ताईला विचारतात, “फोन तापवून बघितलास ना?”

मित्रांनो, घरातलं एखादं जुनं यंत्र अडखळलं, तर त्याला खुळं ठरवण्याआधी जरा हात लावून बघा. ते दमलं असेल.