काठोकाठ भरलेलं पिंप

"त्या बाईनं इचारलं तर काय सांगायचं?" सुपरवायझर श्रीमंतनं तिसऱ्यांदा विचारलं.

"संडास दिवसभर उगडा असतोय. पाणी पायजे तेवढं पितो आमी," गुलबानोनं पाढा म्हणून दाखवला.

सोलापूरच्या त्या टॉवेल कारखान्यात आज सगळंच नवं होतं. पाण्याचं पिंप नवं, पेले नवे, आणि बायकांच्या संडासाचं पितळी कुलूप गायब. एरवी त्याची किल्ली श्रीमंतच्या खिशात असायची आणि दुपारी एकदाच बाहेर निघायची. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. गुलबानोनं एकोणीस वर्षं टॉवेलांच्या कडा शिवल्या त्या असल्या कोरड्या घशानं. मूतखडा झाला तरी तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. पण आता शेजारच्या मशीनवर तिची सून झीनत बसत होती. तिला सहावा महिना होता आणि कालच घेरी आली होती.

अकरा वाजता कारखाना तपासायला अमेरिकेची बाई आली. वर्नेल तिचं नाव. उंच, काळी, साठीची. श्रीमंतला वाटलं होतं, कुणी बडी खरेदीदारीण असेल. निघाली हॉटेलात चादरी बदलणारी कामगार! तिचं बोलणं पुण्याहून आलेली पिंकी मराठीत सांगत होती.

"त्या म्हणतात, आमच्या हॉटेलात गोऱ्या मुली वर काउंटरवर आणि आम्ही काळ्या बायका तळघरात. लघवीलासुद्धा परवानगी मागायची. सात आठवडे संप केला, रस्त्यावर बसलो. शेवटी करारात लिहून घेतलं, की आम्ही घडी घालतो तो तुमचा टॉवेलही कुणाला नाडून शिवलेला नको."

बायकांनी ऐकलं, माना डोलावल्या आणि पाढा म्हटला. सगळं ठीक आहे. श्रीमंतचा जीव भांड्यात पडला.

दोन वाजले. मे महिना, डोक्यावर पत्रा. वर्नेलबाईनं जाता जाता पिंपाचं झाकण उचललं. पिंप काठोकाठ भरलेलं, पेले कोरडे ठणठणीत. श्रीमंतनं सगळं बदललं होतं, बायकांची सवय बदलायची तेवढी राहून गेली होती. बाईनं कपाळाला आठी घालून काहीतरी विचारलं.

श्रीमंत हसला. "फास्टिंग, मॅडम."

हा शब्द गुलबानोला ठाऊक होता. साखर तपासायला गेलं की लॅबवाला तेच विचारायचा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी पोटासाठी ती खोटं बोलली होती, ते खरं. पण आपल्या घशाची कोरड देवाच्या नावावर खपवायची?

ती उठली.

"अम्मी, नक्को," झीनत कुजबुजली.

गुलबानोनं पेला भरला, खाली बसली आणि बिस्मिल्ला म्हणून प्याली. मग दुसरा. मग तिसरा.

"रोजा न्हाय आमचा," ती पिंकीला म्हणाली. "रोजा सांजच्याला सुटतो तरी. संडासाला कुलूप असतंय म्हणून पीत न्हाय आमी. ही पोटुशी पोरगीबी पीत न्हाय. कुलूप ह्याच्या टेबलाच्या खणात हाय, बघा की!"

पिंकीचं इंग्रजी संपेपर्यंत एकही मशीन चाललं नाही. मग एकेक करून बायका पिंपाकडे आल्या.

दुसऱ्या दिवशी गेटवर चन्नप्पा वॉचमननं झीनतला आत सोडलं आणि गुलबानोपुढे हात आडवा धरला.

"तुमाला सोडायचं न्हाय, मावशी. वरनं सांगितलंय."

"आन् हिला?"

"हिला काढता येत न्हाय. त्या बाईनं हिचं नाव लिवून नेलंय."

"आन् माजं?"

चन्नप्पानं मान खाली घातली. "तुमचं कुणी इचारलंच न्हाय की."

गुलबानोनं विचारलं, "कुलूप?"

"ते बाईनं पिशवीत घालून नेलं."

"मैं बी आती, अम्मी," झीनत रडत मागे वळली.

"नक्को. तू अंदर जा. पानी पी."

गेटमधून पिंप दिसत होतं. झीनतनं पेला भरला, सासूसारखीच खाली बसली. तिचा पेला रिकामा होईपर्यंत गुलबानो उन्हात उभी राहिली, मग डबा काखेला मारून घराकडे निघाली.