श्रुतिकाच्या डब्यातली खिचडी

मरोळच्या चाळीत रत्नप्रभाबाईंचा तोरा मोठा. पोटात काही नसलं तरी नाक वर! मुलगा सुयोगचा कारखाना बंद पडून दोन महिने झाले, तरी शेजारणींना सांगायच्या, "रजेवर आहे."

नात श्रुतिका चौथीत. तिच्या शाळेतून चिठ्ठी आली : शनिवारी शाळेतच रेशनचं शिबिर, मुलांची नावं कार्डावर घालून मिळतील. सून जानकीने वाचून दाखवली. म्हातारीने चिठ्ठी डब्याखाली सारली.

"आमच्या घराण्यात फुकटचा कोणी खाल्लेला नाय हां! कार्ड पत्त्याच्या पुराव्यापुरतं. ट्रंकेत राहू दे."

शुक्रवारी श्रुतिकाच्या वर्गशिक्षिका पद्मजाबाई दारात उभ्या.

"आजी, सगळ्यांचे कागद आले. तुमचेच नाहीत."

"गरज नाय आमका. फुकटचा खात नाय आम्ही."

"नाही? मग श्रुतिका शाळेतल्या खिचडीचे दोन घास खाऊन बाकीची डब्यात का भरते? काल प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. म्हणते, आजीला दात नाहीत, तिला मऊ लागतं."

म्हातारी जानकीकडे वळली.

"म्हणजे गो... तू मला रोज वाढतेस ती?"

"घरात तांदूळ कुठे असतो, आई?"

आणि म्हातारी रोज बोटं चाटून म्हणत होती, आज मीठ बरं पडलंय!

पद्मजाबाईंचा आवाज चढला. "फुकटचं खात नाही म्हणता, आणि पोरीच्या तोंडचं खाता? साबणापासून काडेपेटीपर्यंत कर भरता ना? हे धान्य भीक नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे! काढा ते कार्ड."

कार्ड निघालं. त्यावर आजोबा होते, वारून नऊ वर्षं झालेले. श्रुतिका नव्हती. मेलेल्याचा वाटा लिहिलेला, आणि जिवंत पोर उपाशी!

शनिवारी रत्नप्रभाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून रांगेत पहिल्या. शेजारची अबोली तोंडावर पदर घेऊन सटकत होती.

"लपतंस काय गो? चोरी केलंस? ये, पोरांची नावं घाल!"

मग टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं नाव काढ. नातीचं घाल, आणि नीट घाल."

सोमवारी त्यांनी श्रुतिकाच्या दप्तरातला डबा काढून ठेवला. "शाळेत बसून पोटभर जेव. माझं मी बघते."

बायांनो, बाप्यांनो, शाळेची चिठ्ठी डब्याखाली सारू नका. हक्काचं घेण्यात कसली आलीय लाज? घरची इभ्रत राखायला पोराचं पोट मारता, त्याची लाज बाळगा!