खुर्चीवरचा नॅपकिन

प्रभावतीबाईंनी नवाकोरा नॅपकिन जावयाच्या ताटाशेजारी ठेवला, पुन्हा उचलला आणि आणखी एकदा इस्त्री फिरवायला आत निघाल्या.

“आई, बस कर. ते जेवायला येतायत, नॅपकिन बघायला न्हाई,” आकांक्षा म्हणाली. म्हणाली खरी, पण तिनेच ते ताट आधी दोनदा पुसलं होतं.

दिवाळीनंतर ती बदनापूरला माहेरी आली ती आलीच. भांडण काही मोठं नव्हतं. आधी कोण बोलणार यावर अडून बसायचा स्वभाव मात्र दोघांचाही, आणि अडून बसता बसता उन्हाळा लागला. आता आदिनाथची बदली गोव्याला झाली होती. उद्या निघायचं, त्याआधी भेटून जातो, एवढंच त्याने कळवलं होतं. न्यायला येतो, असं चुकूनही म्हटलं नव्हतं. तरी आकांक्षाने पहाटेच बॅग भरून पलंगाखाली सरकवली होती.

आदिनाथ येऊन टेबलाशी बसला. जावयाला मांडी घालता येत नाही म्हणून हौसेने घेतलेलं हे डायनिंग टेबल एरवी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाखाली गडप असायचं. आज ते लखलखत होतं.

तो संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख होता. जेवताना मधेच उठावं लागलं तर नॅपकिन खुर्चीवर ठेवायचा, म्हणजे मी परत येतोय, ताट हलवू नका. घडी करून ताटाच्या डावीकडे ठेवला की जेवण संपलं. लग्नानंतर त्याने हे शिकवलं तेव्हा आकांक्षा पोट धरधरून हसली होती. पुढे ती दोघांची बोलीच झाली. तो रुसून उठला तरी नॅपकिन खुर्चीवर टाकून उठायचा. आणि घर सोडलं त्या दिवशी ती तोंडाने काहीच बोलली नव्हती. आपल्या ताटाच्या डावीकडे नॅपकिनची घडी ठेवली आणि बस धरली.

“घ्या ना जावईबापू. पुरणाची पोळी गार झाली तर मजा न्हाई येत.”

“बस, मामी,” तो सासूबाईंना म्हणाला.

 मग ताटाकडेच बघत तो म्हणाला, “गोव्याला क्वार्टर देतायत. दोन खोल्यांचं.”

मी येते, एवढंच आकांक्षाला म्हणायचं होतं. 

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि जीभ चावली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठला. तिची नजर त्याच्या हातावर खिळली. त्याने नॅपकिन खुर्चीवर ठेवला आणि फोन घेऊन दारासमोरच्या ओट्यावर गेला.

तिचा जीव भांड्यात पडला. परत येतोय. आता गरम पोळी वाढायची आणि आईसमोरच सांगून टाकायचं, लाजायचं नाही. ती स्वयंपाकघरात धावली.

पोळी घेऊन बाहेर आली तेव्हा आदिनाथ टेबलाशी उभा होता. ताटात अर्धी पोळी तशीच होती आणि डावीकडे, कोपऱ्याला कोपरा जुळवून, नॅपकिनची घडी. तो त्या घडीकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

“झालं तर मंग,” तो हळूच म्हणाला.

तिने कशीबशी मान हलवली. प्रभावतीबाई मागच्या अंगणात गेल्या होत्या. त्याने तिकडे तोंड करून “येतो, मामी” अशी हाक दिली, बूट अडकवले आणि गाडीला किक मारली.

प्रभावतीबाई हात धुवायला कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

“गेले? हात न धुता? काहून गं? पोळी तर अर्धीच खाल्ली!”

“जेवण संपलं त्यांचं,” आकांक्षा म्हणाली. “नॅपकिन घडी करून ठेवला त्यांनी.”

“त्यांनी कुठं? मी ठेवला. बसायच्या जागेवर पडून राह्यला होता. कुणी बसलं म्हंजे? जावयाची चीज हाय, चांगली घडी घालून वर ठेवली.”

 आकांक्षा हातातली पोळी तिथेच टाकून फाटकाकडे पळाली. रस्त्यावर नुसती धूळ होती. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आत आली तर आई ताट उचलत होती.

“हात लावू नको त्याला!”

आई दचकून मागे सरली. आकांक्षाने नॅपकिनची घडी मोडली, त्याने ठेवला होता तसाच खुर्चीवर ठेवला. अर्धी पोळी, ताट आणि खुर्ची एकत्र येतील असा फोटो काढला आणि त्याला पाठवला. मग ती फोन हातात धरून टेबलाशी उभी राहिली. डोळ्यांतलं पाणीही पुसलं नाही.

प्रभावतीबाईंना त्यातलं काहीएक कळलं नाही. पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी जावयाच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि आत जाऊन तव्याखालचा गॅस पुन्हा पेटवला.