चाळीसची मोटार आणि तांब्याचा पत्रा

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं खांद्यांवर, म्हातारे पिंपांवर, आणि सगळ्यांचे डोळे जलबाबांच्या लहानशा होडीवर.

होडीच्या आतल्या बाजूला कारखान्याची पट्टी होती: माणसं पाच, मोटार पंधरा हॉर्सपॉवरपर्यंत. जलबाबांनी त्या पट्टीवर तांब्याचा पत्रा धरला, चार खिळे ठोकले आणि डोळे मिटले.

"पट्टीवरची मर्यादा कारखान्याची, तांब्यावरची कृपा माझी! आता हिला चाळीस काय, शंभर लावा!"

मागे '४०' लिहिलेली भलीमोठी मोटार लटकत होती. शिष्यानं दोरी ओढली आणि पाण्यात दोन झोकदार वळणं घेतली. होडी उलटली नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या, काहींनी डोळे पुसले. कृपेला अट एकच होती: मोटार बाबांच्या पुतण्याकडूनच घ्यायची. दुसऱ्या दुकानातल्या मोटारीला कृपा लागत नाही म्हणे.

मी या धक्क्यावर सतरा वर्षं मोटारी दुरुस्त करतेय. इथे चालतात आठच्या नाहीतर पंधराच्या. कालपर्यंत चाळीसची मोटार कुणी पाहिलेलीच नव्हती. बाबा मात्र पुष्कळ पाहिलेत. एक जातो, दुसरा येतो, आणि समजावून सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. मला खरंच वीट आला होता. सरळ घरी जाऊन आडवी झाले असते. पण माझ्या धाकट्या भावानं आदल्या दिवशीच त्या पुतण्याकडून चाळीसची मोटार घेतली होती, होडीला तांब्याचा पत्रा ठोकून घेतला होता, आणि आता बायको-मुलीला बसवून पलीकडच्या काठाला निघाला होता.

"आत्या, आम्ही उडणार!" सात वर्षांची भाची होडीतून ओरडली.

"अरे, पाणी बघ मागे किती वर आलंय," मी भावाला म्हटलं. "एवढ्या वजनानं मागची बाजू दबते. जोर दिलास की नाक वर उठेल, वळवलीस की होडी पालथी."

"ताई, आत्ता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फिरली ना? माझं जरा बरं होतंय, तर तुला का बघवत नाही?"

ते लागलं मला. मी तोंड फिरवलं, आणि तेवढ्यात तो शिष्य दिसला. त्यानं बाबांच्या होडीची मोटार सोडवली, खांद्यावर टाकली आणि शीळ घालत तंबूकडे निघाला. एकटाच.

"तुझी मोटार काल किती जणांनी उतरवली?"

"तिघांनी. कंबर मोडली आमची," भाऊ म्हणाला, आणि माझ्या बोटाच्या दिशेनं बघत राहिला.

मी शिष्याला आडवी गेले आणि मोटार खाली ठेवायला लावली. बाबा धावत आले. "हात लावू नकोस! तेज सोसणार नाही तुला!"

"बाबा, हातावर इतकं ग्रीस आहे की तेज घसरून जाईल."

दोन खिट्ट्या काढल्या आणि झाकण उचललं. नुसतं फायबरचं पोकळ खोकं! आत बसली होती धक्क्यावरची नेहमीची मोटार. तिच्या अंगावर आकडा कोरलेला: पंधरा.

माणसं वाकून वाकून आकडा वाचू लागली. मग एक आजोबा भक्तिभावानं म्हणाले, "म्हणजे बाबांनी पंधरालाच चाळीसचं बळ दिलं!"

मी कपाळाला हात लावला. मग भावाकडे वळले. "वहिनी आणि पोरीला उतरव. होडी बांधलेलीच राहू दे. आता तू एकटा मागे मोटारीपाशी जा."

दोघी उतरल्या. भाऊ मागे सरकला. मोटार सुरूसुद्धा केली नव्हती. त्यानं दुसरं पाऊल टाकलं आणि मागच्या काठावरून पाणी भसकन आत आलं. तो धडपडत पुढे आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. भाचीची चप्पल होडीत तरंगत होती. तो त्या चपलेकडेच बघत राहिला.

तोवर पुतण्यानं तंबूचे दोर सोडायला घेतले होते. लोकांनी त्याला आणि बाबांना तिथेच धरून ठेवलं.

"ताई, पाना दे," भाऊ म्हणाला. त्यानं आधी मोटार उतरवली, तिघांनी मिळून. मग तांब्याचा पत्रा उचकटला. खाली कारखान्याची पट्टी तशीच होती, फक्त एक खिळा नेमका माणसांच्या आकड्यातून आरपार गेला होता. वहिनीनं माझ्याकडून खडू घेतला आणि त्या भोकाशेजारी मोठा पाच काढला.

मंडळी, त्या पट्टीत गूढ काही नाही. कुणीतरी होडीत वजनं ठेवून, पाणी कुठवर येतं ते बघून तो आकडा लिहिलेला असतो. पाण्याला भक्त कोण आणि नास्तिक कोण ते कळत नाही, त्याला फक्त वजन कळतं. नमस्कार कुणालाही करा, तुमची मर्जी. पण पोराला होडीत बसवण्याआधी पट्टी वाचा, आणि कुणी चमत्कार दाखवला तर झाकण उचलायला सांगा. दरवेळी मला बोलवू नका. मी दमलेय, आणि एखाद्या दिवशी मी धक्क्यावर नसेन.