सोड्याला झाली बुरशी

सिंदी रेल्वे गावच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी दारातला चपलांचा ढीग कुठल्याही लग्नाला लाजवील असा होता.

"फुंका!" फुंकरबाबा गरजले.

कापसाचे दलाल किसनराव नळी तोंडात धरून पेल्यातल्या नितळ पाण्यात फुंकू लागले. बुडबुडे उठले आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"बाप्पा!" अख्खा हॉल एका सुरात ओरडला.

"पाहा ही बुरशी!" बाबांनी पेला उंच धरला. "पावसाळ्यात भिंतीवर येते, लोणच्यावर येते, कपाटातल्या कोटावर येते. मग फुप्फुसांनीच काय घोडं मारलंय? आजवर हजारोंनी फुंकलं, पण बुरशी नाही असा एक माईचा लाल निघाला नाही!"

निघणार तरी कसा, हे कोणी विचारलं नाही. उलट, माझं पाणी तुझ्यापेक्षा जास्त पांढरं झालं, अशी बायकांत चढाओढ लागली होती.

या सगळ्यात शोभाबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या खांद्यावर आज भगवा पट्टा होता आणि ताब्यात बाबांचे दोन गडवे. लाल दोरा बांधलेला परीक्षेचा, पिवळ्या दोऱ्याचा प्रसादाचा. आधी लाल गडव्यातल्या पाण्यात फुंकायचं, मग निखाऱ्यांवर जडीबुटी टाकून केलेली 'प्राणधुरी' छातीभर ओढायची, मग पिवळ्या गडव्यातल्या पाण्यात फुंकायचं. ते नितळच राहायचं. म्हणजे बुरशी जळाली! बाबा शोभाबाईंना 'देवी' म्हणत. घरी त्यांना "साखर कुठं ठेवली?" याखेरीज कोणी काही म्हणत नसे.

पण खरी ओढ वेगळीच होती. नवरा, महादेवराव, दम्याचे जुने रोगी. त्यांची छाती वाजायला लागली की शोभाबाई उशाशी बसून राहायच्या. बाबा म्हणाले होते, "डॉक्टरचा पंप म्हणजे बुरशीला घातलेलं खत. आधी तो बंद." शोभाबाईंनी लगेच पंप तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून टाकला.

आज महादेवरावांची पाळी होती. पहिली फुंकर, पाणी पांढरं. "आता धुरी!" बाबा म्हणाले. महादेवरावांनी बायकोकडे पाहून मुकाट्यानं श्वास ओढला.

आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. छातीत शिट्ट्या वाजू लागल्या, ओठ काळवंडले.

"बुरशी खवळली!" बाबा ओरडले. "आणखी धुरी द्या!"

"खबरदार कोणी धूर जवळ आणला तर!" गर्दीतून वाट काढत सून आली. पौर्णिमा, गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळी वरणासाठी डाळ काढताना पंप तिच्या हाती लागला होता. तो तिनं पर्समध्ये टाकला, आणि सासरे धुरीला गेल्याचं कळताच ती शाळेतून थेट इथं आली होती. तिनं सासऱ्यांना दारापाशी मोकळ्या हवेत बसवलं, पंपाचे झोत दिले. हळूहळू शिट्ट्या उतरल्या, ओठांवर रंग आला.

शोभाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घशाला कोरड पडली. हाताला लागला तो गडवा त्यांनी तोंडाला लावला. लाल दोऱ्याचा!

"थू! थू! बाबा, हा तं चुना होय जी!"



"देवी, ते अमृत आहे," बाबा हसले. "चव कळायला जिभेची पात्रता लागते."

"माह्या जिभेची पात्रता काढता?" शोभाबाई उसळल्या. "लग्न झाल्यापासून पान खाऊन राह्यली मी! अमृत नाई चाखलं कधी, पण चुना मले झोपेतबी वळखू येते!"

पौर्णिमाचे डोळे लकाकले. "आई, पिवळ्या गडव्यातलं चाखा बरं."

"हे तं नळाचं साधं पाणी. ब्लिचिंगबी लागते चवीले."

पौर्णिमानं दारातल्या सोडावाल्याला हाक मारली. "हिरालालभाऊ, एक सोडा फोडा!" लाल गडव्यातलं पाणी तिनं पेल्यात ओतलं आणि वरून सोड्याची बारीक धार धरली. पाणी पांढरंफटक!

 मग मागून बंडूजी शिंपी ओरडले, "अरे, सोड्याले बुरशी झाली!"

"द्या त्याले धुरी!" किसनराव म्हणाले आणि हास्याचा असा स्फोट झाला की छपरावरची कबुतरं उडाली.

"आता बाबांनी फुंकावं!" गर्दी ओरडली.

"आज माझं मौन आहे."

"मौनात बोलता कसे जी?"

शेवटी बाबांना फुंकावंच लागलं. पाणी पांढरं! मग काय, ज्याला त्याला फुंकायचं होतं. सासवा फुंकत होत्या, सुना फुंकत होत्या, पुजारीबुवाही फुंकून गेले. बाबा मागच्या दारानं सटकायला गेले, तर तिथं भगवा पट्टा कमरेला खोचून शोभाबाई उभ्या. "बसा जी. पोलिसाले फोन केला, येऊनच राह्यले."

पौर्णिमा खुर्चीवर चढली. "चुना पाण्यात कालवून वरचं नितळ पाणी घेतलं, की झाली चुन्याची निवळी. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, सोड्यातही तोच. तो निवळीत गेला की खडूसारखी बारीक पूड तयार होते. सातवीतली पोरंही हा प्रयोग करतात."

"मंग माह्या छातीत बुरशी हाय का नाई?" महादेवरावांनी विचारलं.

"मामंजी, बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. श्वासासोबत रोज सगळ्यांच्या आत जातात. पुष्कळसे नाकातल्या केसांत नि चिकट शेंबडात अडकतात. पुढे श्वासनळीत सूक्ष्म केसांची दाट लव असते. ती केरसुणीसारखी कफ वर ढकलत राहते, आपण तो खोकून टाकतो नाहीतर गिळतो. त्यातूनही एखादा बीजाणू पार तळाशी पोचला, तर तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळून पचवतात. बाबांच्या धुरानं ती केरसुणीच लुळी पडते."

"मंग कोणालेच होत नाई का हा रोग?" शोभाबाईंनी विचारलं.

"होतो. रक्तातली साखर हाताबाहेर गेली, कॅन्सरची औषधं चालू असली, अंगातली ताकद खचली, तर हे पहारेकरी कमी पडतात. पण तो रोग एक्स-रे आणि तपासण्यांत कळतो, पेल्यात नाही. आणि त्यावर औषध आहे, धुरी नव्हे."

शोभाबाई नवऱ्याजवळ जाऊन बसल्या. पंप आपल्या हातानं त्यांच्या खिशात घातला. महादेवरावांनी बायकोचा हात धरून ठेवला. भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत! शोभाबाई लाजल्या, आणि मग एकदम उठून उभ्या राहिल्या.

"अवं बायांनो, ऐका! आपल्या छातीतली एवढीशी पेशी, तिले ना डोळे, ना डोकं. तरी आत शिरणाऱ्याले पारखल्याशिवाय सोडत नाई. आपण तं अख्खी माणसं आहो! काऊन कोणालेबी आत घेतो? पेला समोर आला की आधी इचारा, याच्यात काय हाय?"