दहा महिन्यांनी लहान

बाईंची उभी हयात पहिलीच्या वर्गात गेली. अक्षरं शिकवता शिकवता कोण हुशार आणि कोण ढ, हेही त्या घाईघाईने ठरवून टाकत. सगळेच शिक्षक टाकतात.

आज लेक आली होती ती नातीला आणि तिच्या पहिलीच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन. नातीला सहा पूर्ण व्हायला दहा महिने होते. पण मुख्याध्यापिका बाईंच्याच हाताखाली तयार झालेली. बाईंनी शब्द टाकला की काम फत्ते.

"एक वर्ष थांब," बाई म्हणाल्या. "वर्गात सगळ्यांत लहान राहील. त्या वयात दहा महिने फार असतात गं. हात वळत नाही, बूड टेकत नाही, आणि आम्ही म्हणतो डोकं कमी."

"मलाही लवकरच घातलंस ना?"

"घरी तुला बघायला कोणी नव्हतं. माझ्याच वर्गात कोपऱ्यात बसायचीस. मग एक दिवस हजेरीपटात नाव चढवलं."

"मी मागे पडले ते डोकं नव्हतं म्हणून. ही माझ्यासारखी ढ नाही, आई."

स्वतःची उंची सांगावी तितक्या सहज ती बोलली. दहावीला दोनदा बसलेली, आता कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी पोर. शिक्षकांच्या खोलीत 'दिव्याखाली अंधार' म्हणून तिच्यावर हसायचे, आणि बाईही त्यांच्यात हसायच्या.

"तू ढ नव्हतीस," त्या म्हणाल्या. "लहान होतीस. एक वर्ष मागे ठेवलं असतं तर सगळ्यांच्या बरोबरीने चालली असतीस."

लेकीने पेनाला टोपण लावलं. "हे तुला कधी कळलं?"

निवृत्तीनंतर कुठेतरी वाचलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"तू तिसरीत होतीस तेव्हा. पण बाईंचीच मुलगी मागे ठेवली, तर लोक काय म्हणतील, असं वाटलं."

लेकीने फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकली आणि नातीला चपला घालायला सांगितलं.

"पुढच्या वर्षीच घालते हिला," ती दारातून म्हणाली. "पण तुझ्याकडे अभ्यासाला नाही पाठवणार."